सूत्र पाठ आहे, पण उत्तर येत नाही: डॅटमधल्या संकल्पनांच्या प्रश्नांची तयारी

एका बंद, टणक भांड्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया समतोलात आहेत, म्हणजे अमोनिया जितक्या वेगाने बनतो तितक्याच वेगाने मोडतो. भांड्याचं आकारमान आणि तापमान तेच ठेवून आत थोडा हेलियम सोडला. समतोल कोणत्या बाजूला सरकेल?

प्रश्नात एकही आकडा नाही. अभ्यास केलेल्या मुलाचं डोकं असं धावतं: वायू घातला म्हणजे दाब वाढला, दाब वाढला की समतोल कमी रेणूंकडे सरकतो, डावीकडे चार रेणू, उजवीकडे दोन, म्हणजे अमोनिया वाढणार. साखळी सुरेख आहे आणि उत्तर चूक आहे. समतोल जागचा हलत नाही. एकूण दाब वाढला हे खरं, पण अभिक्रियेला एकूण दाबाशी देणंघेणं नसतं. नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया यांचा प्रत्येकाचा स्वतःचा आंशिक दाब किती, एवढंच तिच्या हिशेबात येतं. भांडं तेवढंच, तापमान तेवढंच, या तिघांचे रेणूही तेवढेच. मग बदलायला उरलं काय?

अमेरिकेतल्या डेंटल स्कूलच्या प्रवेशासाठी डेंटल ॲडमिशन टेस्ट, म्हणजे डॅट, द्यावी लागते. तिची तयारी करणाऱ्या मुलांची एक तक्रार ठरलेली असते: ‘गणितं सुटतात, थिअरी वाचलेली असते, तरी सराव परीक्षेत गुण तिथेच अडकतात.’ चुकलेले प्रश्न चाळले, तर त्यांत वरच्यासारखे बिनआकड्यांचे प्रश्न पुष्कळ सापडतात. अशा मुलाला माहिती कमी नसते. एखादा नियम कोणत्या अटीवर उभा आहे आणि अट बदलली की तो कसा वळतो, हे त्याने कधी तपासलेलं नसतं. पुढची सगळी तयारी या एका गोष्टीभोवती आहे.

आधी परीक्षेचा नकाशा

डॅटचे चार विभाग आहेत. पहिला नैसर्गिक विज्ञानांचा: ९० मिनिटांत १०० प्रश्न, त्यांत बायोलॉजीचे ४०, जनरल केमिस्ट्रीचे ३० आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे ३०. दुसरा पर्सेप्च्युअल ॲबिलिटीचा, ६० मिनिटांत ९० प्रश्न. मग ऐच्छिक विश्रांती, त्यानंतर रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचे ६० मिनिटांत ५० आणि क्वांटिटेटिव्ह रीझनिंगचे ४५ मिनिटांत ४० प्रश्न.

पर्सेप्च्युअल ॲबिलिटीत घडी घातलेला कागद, घनांची मोजणी, कोनांची तुलना असे प्रकार येतात. ते डोळ्याच्या आणि हाताच्या सवयीचं काम आहे. रोज थोडं थोडं केल्याशिवाय ते येत नाही आणि या लेखाचा तो विषयही नाही. आपलं लक्ष पहिल्या विभागावर, आणि जाता जाता शेवटच्यावर.

पहिल्या विभागात एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात. कॅल्क्युलेटर नसतो, तो फक्त क्वांटिटेटिव्ह विभागात, तोही साधा, पडद्यावरच मिळतो. आवर्तसारणी मात्र पडद्यावर उघडता येते. म्हणजे अणुवस्तुमानं पाठ करण्यात वेळ घालवायचं कारण नाही. आणि जिथे कॅल्क्युलेटर नाही, तिथे परीक्षकालाही मोठी आकडेमोड विचारता येत नाही. मग तो विचारतो दिशा, तुलना आणि कारण.

जाता जाता एक इशारा. मार्च २०२५ पासून डॅटचे गुण २०० ते ६०० या मापावर दिले जातात. त्याआधीचं माप १ ते ३० होतं. ‘वीसच्या वर गेलं की झालं’ असा सल्ला कुठे वाचलात, तर तो जुन्या मापातला आहे.

पायरी पहिली: सूत्र वाक्यासारखं वाचा

सूत्रात आकडे घालून उत्तर काढता येणं हे एक कौशल्य झालं. आकडे न घालता सूत्राकडून उत्तर काढून घेणं हे दुसरं, आणि डॅटला दुसरं जास्त हवं असतं.

गिब्ज ऊर्जेचं सूत्र घ्या: मुक्त ऊर्जेतला बदल म्हणजे एन्थाल्पीतला बदल वजा, तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल. (एन्थाल्पी म्हणजे ढोबळमानाने उष्णतेचा हिशेब, एन्ट्रॉपी म्हणजे विस्कळीतपणा; उत्तर ऋण आलं तर प्रक्रिया आपणहून घडते.) हे वाक्य म्हणून वाचलं तर काय दिसतं? एन्ट्रॉपीला जे काही म्हणायचं आहे, त्याचा आवाज तापमान ठरवतं. तापमान कमी असेल तर एन्थाल्पीचं चालतं, वाढलं की एन्ट्रॉपीचं. आता बर्फ. वितळताना उष्णता शोषली जाते, म्हणजे एन्थाल्पी ‘नको’ म्हणते. रेणू मोकळे होतात, म्हणजे एन्ट्रॉपी ‘हो’ म्हणते. थंडीत एन्थाल्पी जिंकते आणि बर्फ टिकतो. नेहमीच्या दाबाला ० अंश सेल्सिअसच्या वर एन्ट्रॉपी जिंकते आणि तो वितळतो. नेमका ० अंशाला बदल शून्य, बर्फ आणि पाणी सोबत नांदतात.

हे एकदा समजलं की एन्थाल्पी आणि एन्ट्रॉपीच्या धन-ऋण चिन्हांचा चार खान्यांचा तो प्रसिद्ध तक्ता पाठ करावा लागत नाही, तो दहा सेकंदांत मांडता येतो. अभिक्रियेचा वेग, आदर्श वायूचं समीकरण, नर्न्स्टचं समीकरण, हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण यांची अशीच वाक्यं करा. प्रत्येक सूत्राखाली दोनच ओळी: कोणती राशी वाढली की काय वाढतं, आणि त्या वेळी काय स्थिर धरलेलं असतं. दुसरी ओळ हमखास गाळली जाते. हेलियमच्या प्रश्नाचा सगळा घोळ त्या दुसऱ्या ओळीतच आहे.

पायरी दुसरी: चुकीच्या पर्यायाला त्याचा प्रश्न शोधून द्या

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा. प्रश्न सोडवून झाला की उत्तर तपासून पुढे पळू नका. प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर विचारा: हे उत्तर बरोबर ठरायचं असेल, तर प्रश्नात काय बदलायला हवं?

पुन्हा आपलं भांडं. अमोनिया तयार होताना उष्णता बाहेर पडते, एवढं लक्षात ठेवा आणि पर्याय बघा.

‘समतोल अमोनियाकडे सरकेल.’ हे कधी खरं? हेलियम न घालता भांडंच लहान केलं असतं तर. मग तिघांचेही आंशिक दाब वाढले असते आणि कमी रेणूंकडे सरकण्याला अर्थ आला असता.

‘समतोल नायट्रोजन आणि हायड्रोजनकडे सरकेल.’ हे खरं व्हायला भांड्याला सरकता दट्ट्या हवा. दाब स्थिर ठेवून हेलियम घातला तर आकारमान वाढतं, तिघांचे आंशिक दाब घटतात आणि समतोल जास्त रेणूंच्या बाजूला जातो. हेलियम तोच, फक्त ‘स्थिर आकारमान’च्या जागी ‘स्थिर दाब’ आला.

‘समतोल स्थिरांक कमी होईल.’ हे खरं व्हायला तापमान वाढवायला हवं होतं. बाकी काहीही केलं, भांडं दाबलं, हायड्रोजन ओतला, उत्प्रेरक टाकला, तरी स्थिरांक तोच राहतो. उत्प्रेरक समतोलाला लवकर पोचवतो, पण समतोलाची जागा बदलत नाही.

एका प्रश्नातून चार प्रश्न निघाले. मी यांना जुळे प्रश्न म्हणतो: चेहरा एकच, एखादा शब्द वेगळा, उत्तर उलटं. परीक्षक चुकीचे पर्याय हवेतून काढत नाही. ते बहुधा शेजारच्या प्रश्नाची बरोबर उत्तरं असतात, म्हणूनच इतकी ओळखीची वाटतात. रोज दहा प्रश्न असे उलगडलेत तर चाळीस-पन्नास प्रश्नांचा अभ्यास होतो, आणि तो घाईत सोडवलेल्या शंभर प्रश्नांपेक्षा भारी पडतो. सुरुवातीला कंटाळवाणं वाटेल. दहा प्रश्नांना तासापेक्षा जास्त वेळ लागेल. लागू द्या.

पायरी तिसरी: पर्याय झाका, आधी बोला

सराव करताना पर्यायांवर हात ठेवा. प्रश्न वाचा, आपलं उत्तर कारणासकट मोठ्याने सांगा, मगच हात काढा. पर्याय आधी वाचले की डोकं विचार करणं सोडून ओळखीचा चेहरा शोधू लागतं.

सांगताना शक्य असेल तर मराठीत सांगा. ऐकायला विचित्र वाटेल, कारण परीक्षा इंग्रजीत आहे आणि तुमचं कॉलेजही. पण इंग्रजीत शिकलेली वाक्यं जशीच्या तशी तोंडात बसलेली असतात. ती बाहेर पडली की समजल्यासारखं वाटतं. ‘शिफ्ट टू द राइट’ म्हणणं सोपं आहे. घरातल्या मोठ्यांना, ज्यांनी केमिस्ट्री कधीच सोडली, ‘भांड्यात नेमकं काय जास्त झालं आणि का’ हे सांगायला बसलात की दुसऱ्या वाक्याला अडखळता. अडखळलात ती जागा तुमच्या अभ्यासातलं भोक. तिथे खूण करा.

पायरी चौथी: टोकाला नेऊन बघा

हायड्रोक्लोरिक आम्लाचं फार विरळ द्रावण, एका लिटरमध्ये १० चा उणे ८ वा घात इतके मोल. पीएच किती? घात उचलून ‘८’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. थांबून एवढंच विचारा: शुद्ध पाण्यात आम्ल टाकलं आणि पाणी आम्लारी झालं, असं होईल का? आम्ल कितीही विरळ करत गेलात तरी पीएच ७ च्या जवळ जाईल, ७ ओलांडणार नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन हिशेबात धरले की उत्तर ६.९८ च्या आसपास येतं. परीक्षेत ६.९८ काढायची वेळ सहसा येत नाही. ‘७ पेक्षा किंचित कमी’ हा पर्याय ओळखता आला की झालं.

टोकाला नेण्याची सवय पुष्कळ ठिकाणी कामी येते. भांडं प्रचंड मोठं झालं तर? तापमान निरपेक्ष शून्याकडे गेलं तर? एखादी लोकसंख्या खूप लहान उरली तर? मधली स्थिती कळत नसेल तेव्हा दोन्ही टोकं बघून दिशा सापडते.

पायरी पाचवी: मिसळून गेलेल्या जोड्या सोडवा

काही संकल्पना डोक्यात एकमेकींना चिकटलेल्या असतात. सौम्य आम्ल आणि विरळ आम्ल ही त्यातली जुनी जोडी. सौम्य म्हणजे आयनीभवन अपुरं. विरळ म्हणजे पाणी जास्त. हा फरक तोंडपाठ असूनही टायट्रेशनच्या, म्हणजे आम्लात मोजून आम्लारी घालण्याच्या, प्रश्नात निसटतो, म्हणून तिथेच पक्का करू.

दोन फ्लास्क. दोन्हींत ०.१ मोलर आम्ल, आकारमान सारखं. एकात हायड्रोक्लोरिक, दुसऱ्यात ॲसेटिक. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीचा पीएच पहिल्यात १, दुसऱ्यात २.९ च्या आसपास. आता सांगा, समतुल्य बिंदू गाठायला, म्हणजे सगळं आम्ल संपवायला, कुठे जास्त आम्लारी लागेल?

दोन्हीकडे सारखंच. सौम्य आम्ल आपणहून थोडेच प्रोटॉन सोडतं, पण हायड्रॉक्साइड मागत गेलं की शेवटचाही देतं. आम्लारी किती लागेल ते मोल ठरवतात, आम्लाची तीव्रता नाही. तीव्रतेने बदलतो तो आलेखाचा आकार. पहिल्यात समतुल्य बिंदू ७ वर, दुसऱ्यात ८.७ च्या आसपास, कारण तिथे उरलेला ॲसेटेट आयन पाण्याकडून प्रोटॉन ओढतो. अर्ध्या वाटेवर, म्हणजे निम्मं ॲसेटिक आम्ल संपलं तेव्हा, पीएच आम्लाच्या पीकेएइतका, ४.७६ (पीकेए म्हणजे आम्लाची तीव्रता सांगणारा आकडा, जितका लहान तितकं आम्ल तीव्र). ‘अर्धा समतुल्य बिंदू’ आणि ‘समतुल्य बिंदू’ यांत घसरणाऱ्यांनी हा आलेख पुस्तक न बघता हाताने काढावा, आणि प्रत्येक टप्प्यावर फ्लास्कमध्ये नेमके कोणते कण आहेत ते खाली लिहावं. तीन-चारदा काढला की बफरचे प्रश्न वेगळे शिकावे लागत नाहीत.

आणखी जोड्या थोडक्यात. उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन नसतात. उत्कलनांक रेणूंमधल्या ओढीबद्दल सांगतो, रेणूच्या आतल्या बंधांबद्दल नाही. एकाच तापमानाला हेलियम आणि झेनॉन यांची सरासरी गतिज ऊर्जा सारखी, वेग मात्र वेगळे. अभिक्रिया ‘उत्स्फूर्त’ आहे म्हणून ती जलद आहे असं नाही. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे आयनीभवन ऊर्जा वाढते हा बाण सगळ्यांना ठाऊक असतो. नायट्रोजनकडून ऑक्सिजनकडे जाताना ती घटते, कारण ऑक्सिजनमध्ये एका ऑर्बिटलमध्ये दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना रेटत असतात. बाण पाठ असणाऱ्याला ही जागा अपवाद वाटते, कारण माहीत असणाऱ्याला ती अपेक्षितच असते.

बायोलॉजीत हेच, पण ‘बंद पाडून’

बायोलॉजीचे ४० प्रश्न आणि अभ्यासक्रम अफाट. इथे पाठांतर टळत नाही, उगाच खोटा धीर देत नाही. पण जिथे प्रक्रिया आहे, तिथे एक भाग बंद पाडून बघा.

मायटोकॉन्ड्रियातली इलेक्ट्रॉन साखळी घ्या. सायनाइड साखळीतला चौथा कॉम्प्लेक्स, म्हणजे चौथा प्रथिनसमूह, अडवतं. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोचत नाहीत, मागे रांग लागते, प्रोटॉन पंप होत नाहीत, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनत नाही, ऑक्सिजनचा वापर थांबतो. ऑलिगोमायसिन एटीपी सिंथेज अडवतं. प्रोटॉनना परतीची वाट उरत नाही, बाहेर त्यांची दाटी होते, पंप करणं अवघड होतं आणि साखळीही मंदावते. ऑक्सिजनचा वापर घटतो. तिसरा डायनायट्रोफेनॉल. तो पडद्याला जणू भोकं पाडतो. प्रोटॉन सिंथेज टाळून आत येतात, एटीपी घटतं, पण साखळीला आता अडथळा नसल्यामुळे ती जोरात धावते. ऑक्सिजनचा वापर वाढतो आणि ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते.

तिन्हींत एटीपी कमीच होतं. ऑक्सिजनचं काय होतं, पडद्याच्या दोन बाजूंतला प्रोटॉनचा फरक वाढतो की घटतो, हे विचारलं की तिघं वेगळे होतात. नेफ्रॉन, स्नायूचं आकुंचन, लॅक ओपेरॉन, हार्मोनची फीडबॅक साखळी: प्रत्येकातला एकेक दुवा तोडून दोन्ही बाजूंना काय साचेल, काय आटेल ते कागदावर बाणांनी दाखवा.

ऑरगॅनिकमध्ये अट म्हणजे फ्लास्कमधली सोबत

अभिक्रियांचे शेकडो कार्ड बनवण्याआधी एकच रेणू निरनिराळ्या संगतीत ठेवून बघा. टर्शरी-ब्यूटिल ब्रोमाइड मेथॅनॉलमध्ये, तीव्र आम्लारीविना: ब्रोमाइड आपणहून निघून जातो, कार्बोकॅटायन बनतो, एसएन१ (ब्रोमाइडच्या जागी दुसरा गट येणं) प्रमुख, सोबत थोडं ई१ (प्रोटॉनही जाऊन दुहेरी बंध बनणं). त्याच रेणूपुढे एथॉक्साइड ठेवलं, तर ते गर्दीतून कार्बनपर्यंत पोचू शकत नाही, शेजारचा प्रोटॉन उचलतं, ई२ (एकाच पायरीत दुहेरी बंध). रेणू बदलून मिथिल ब्रोमाइड घेतला तर गर्दीच नाही, एसएन२ (एकाच पायरीत अदलाबदल) सरळ होतं. तीन ओळींत कार्बनची गर्दी, न्यूक्लिओफाइल आणि द्रावक यांची कामं वेगळी दिसतात.

आम्लतेच्या तुलनेचंही तेच. एथॅनॉलचा पीकेए १६ च्या आसपास, फेनॉलचा १०, ॲसेटिक आम्लाचा ४.७६. आकडे बाजूला ठेवा. प्रोटॉन गेल्यावर उरलेला ऋण प्रभार कोण वाटून घेतं ते बघा. एथॉक्साइडमध्ये एकटा ऑक्सिजन, फिनॉक्साइडमध्ये वलय मदतीला, ॲसेटेटमध्ये दोन ऑक्सिजन बरोबरीने.

क्वांटिटेटिव्हमधले ‘उत्तर काढू नका’ प्रश्न

या विभागात ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का’ आणि ‘दोहोंपैकी मोठं कोणतं’ असे प्रश्नही येतात. क्ष किती? पहिलं विधान: क्षचा वर्ग ९. दुसरं: क्ष ऋण आहे. वेगवेगळी दोन्ही अपुरी, एकत्र पुरेशी. इथे घाईत उणे ३ विसरणारा अडकतो. शून्य, ऋण आणि अपूर्णांक या तिघांना प्रत्येक वेळी आत बोलवायची सवय लावा.

चुकांची वही, पण उत्तरांची नाही

वहीत प्रश्न आणि बरोबर उत्तर उतरवण्यात अर्थ नाही. ते परत कोणी वाचत नाही. एकच वाक्य लिहा: मी का चुकलो. कारणं बहुतेक चारच निघतात: माहीत नव्हतं, अट वाचलीच नाही, दोन गोष्टी मिसळल्या, कारण बरोबर होतं पण दिशा उलटी धरली. प्रत्येकावर इलाज वेगळा. पहिल्यासाठी पुस्तक. दुसऱ्यासाठी प्रश्नातल्या ‘स्थिर’, ‘बंद’, ‘अतिरिक्त’, ‘नाही’, ‘वगळता’ या शब्दांवर बोट ठेवूनच पुढे जायचा नियम. तिसऱ्यासाठी जोडीचा आलेख किंवा तक्ता. चौथ्यासाठी टोकाला नेऊन बघणं. आठवड्याने वही उघडून कोणत्या कारणापुढे जास्त खुणा आहेत ते मोजा. ‘माझी केमिस्ट्री कच्ची आहे’ असं म्हणणाऱ्याची वही पुष्कळदा सांगते की केमिस्ट्री ठीक आहे, वाचन घाईचं आहे.

सरावाच्या पहिल्या टप्प्यात घड्याळ लावू नका. परीक्षा पाच-सहा आठवड्यांवर आली की ५४ सेकंदांचा हिशेब सुरू करा. आणि ‘खऱ्या परीक्षेतले आठवून लिहिलेले प्रश्न’ कोणी देऊ केले तर हात लावू नका. तसे प्रश्न पसरवणं आणि वापरणं परीक्षेच्या नियमांविरुद्ध आहे. गुणच रद्द झाले तर वर्ष हातचं जातं.

त्या ९० मिनिटांत

संकल्पनेचा प्रश्न नीट तयारी असेल तर तीस-पस्तीस सेकंदांत सुटतो, आणि वाचलेला वेळ आकडेमोडीच्या प्रश्नांना लागतो. म्हणून आपलं उत्तर मनात आलं आणि तेच पर्यायांत दिसलं, तर लगेच निवडा. वाचून झाल्यावरही दिशा सुचली नाही, तर दोन पर्यायांत झुलत बसू नका. एक निवडा, खूण करा, पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. अजिबात न पाहिलेला विषय समोर आला तरी घाबरू नका. डॅटमध्ये काही प्रश्न फक्त चाचणीसाठी घातलेले असतात, त्यांचे गुण धरत नाहीत. आणि कोणते ते सांगितलेलं नसतं.

शेवटी खूण केलेल्या प्रश्नांकडे परत याल तेव्हा पर्यायांकडे बघू नका, प्रश्नाकडे बघा. पहिल्या वाचनात सुटलेला शब्द तिथेच असतो: ‘दाब स्थिर ठेवून’.